घराचे कागद कपाटातच राहू द्या

प्रश्न : गोळीबार चौकात घरूनच सावजी मसाला आणि तिखट विकते. आता कांडप यंत्र, मसाला भाजायचं यंत्र आणि पॅकिंग मशीन घ्यायची आहे. कोटेशन साडेपाच लाखांचं आहे, शिवाय मिरची-धण्याच्या साठ्याला अडीच लाख लागतील. एक एजंट म्हणतो, ‘आठ लाखांवर २ लाख ८० हजार सबसिडी काढून देतो, त्यातले दहा टक्के माझे.’ बँकेने घर तारण मागितलं आहे. काय करू?
– एक गृहउद्योजिका, नागपूर

उत्तर : ताई, घराचे कागद देऊ नका. माझी उभी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात गेली, म्हणून ठामपणे सांगतो. लघुउद्योगाच्या दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला जादा तारण घ्यायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. कर्जातून घेतलेली यंत्रं बँकेकडे तारण राहतील, तेवढं पुरे. कर्ज बुडण्याची भीती बँकेला वाटत असेल तर तिने सीजीटीएमएसईची, म्हणजे छोट्या उद्योगांच्या विनातारण कर्जांना हमी देणाऱ्या ट्रस्टची, हमी घ्यावी. केंद्र सरकार आणि सिडबी या लघुउद्योगांसाठीच्या बँकेने २००० साली हा ट्रस्ट त्यासाठीच काढला. तरीही नकार आला तर कारण लेखी मागा. लेखी म्हटलं की बरेच सूर बदलतात.

आता सबसिडी. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम नव्या उद्योगांसाठी आहे, तुमचा तर चालू धंदा. तुम्हाला २०२० मध्ये सुरू झालेली सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना, म्हणजे पीएमएफएमई, लागू पडते. तिच्यात ३५ टक्के अनुदान आहे, कमाल दहा लाख. पण खेळत्या भांडवलावर, म्हणजे तुमच्या मिरची-धण्याच्या साठ्यावर, ते मिळत नाही. म्हणून एजंटचा हिशेबच चुकीचा आहे. साडेपाच लाखांचे ३५ टक्के म्हणजे १ लाख ९२ हजार ५०० रुपये. स्वतःचे दहा टक्के, ५५ हजार, तयार ठेवा. अनुदान हातात पडत नाही, बँकेतच वेगळं राहतं. तीन वर्षं हप्ते नीट भरले आणि धंदा चालू असला, की ते कर्जात वळतं होतं. त्याआधीच खातं बुडीत निघालं, तर बँक हे पैसे थकबाकीत वळते करते.

एजंटला एक रुपयाही देऊ नका. याचा मला मनापासून संताप येतो, कारण हे काम करायला सरकारने माणूस नेमलेला आहे. कृषी विभागाच्या जिल्हा अधीक्षक कार्यालयात जा आणि ‘जिल्हा संसाधन व्यक्ती’ कोण, ते विचारा. प्रकल्प अहवाल, ऑनलाइन अर्ज, बँकेचा पाठपुरावा, सगळं तेच करतात. मंजूर झालेल्या प्रत्येक कर्जामागे त्यांना २० हजार रुपये सरकार देतं. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंद, तीही फुकट होते, आधार क्रमांकावर, घरबसल्या.

साठ्याच्या अडीच लाखांसाठी त्याच बँकेत वेगळी कॅश क्रेडिट मर्यादा मागा, म्हणजे लागेल तसे पैसे उचलायचे आणि विक्री झाली की भरायचे. दोन्ही मिळून कर्ज दहा लाखांच्या आतच राहतं. मात्र हा अर्ज आधी टाका. नवी भिवापुरी मिरची कळमन्याच्या बाजारात उतरते तेव्हा पैसा हाताशी हवा, नाहीतर तीच मिरची पुढे चढ्या भावाने घ्यावी लागेल.