गराजमधला वाईन फ्रिज, ३०० सिगार आणि फॉर्मवरची एक टिक

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका वाचकाचा लांबलचक मेल आलाय, बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात सांगतो. वय ३९, आयटीत नोकरी, बायकोही नोकरी करते, दोन मुलं. लॉकडाऊनमधे हौसेनं घेतलेला २८ बाटल्यांचा वाईन फ्रिज गराजमधे दोन वर्षं बंद पडून आहे कारण दोघांनीही वाईन जवळजवळ सोडलीये. आता साहेबांना मित्रांमुळे सिगारचा नाद लागलाय, आठवड्याला एक, कधी दोन, आणि त्या फ्रिजचा ह्युमिडॉर, म्हणजे सिगार ओलसर ठेवायची पेटी, करायचं डोक्यात आहे. मापानं बनवलेले स्पॅनिश सीडरचे ड्रॉवर ४२० डॉलर, आतली ह्युमिडिटी राखणारी पाकिटं ९०, ती मोजणारे दोन डिजिटल हायग्रोमीटर आणि एक छोटा पंखा मिळून ९०, एकूण ६००. मग तो भरायला सेलमधे ३०० सिगार, २४०० डॉलर, ते नवीन क्रेडिट कार्डवर कारण त्याला १५ महिने शून्य टक्के व्याज. हिशोब असा की सिगार लाउंजमधे बसून ओढला तर १६ डॉलरला पडतो, बॉक्सनं घेतला तर ८ ला, आणि वर "सिगार मुरला की त्याची किंमत वाढते, म्हणजे एक प्रकारे इन्व्हेस्टमेंटच झाली की". जुन्या कार्डवर ३८०० डॉलर बाकी आहेत, २४ टक्क्यांनी. इमर्जन्सी फंड दोन महिन्यांचा. आणि मेलच्या अगदी शेवटी, ता.क. म्हणून: १० लाख डॉलरच्या टर्म इन्शुरन्सचा फॉर्म भरलाय, तंबाखूच्या प्रश्नाला 'नाही' असं टिक केलंय, कारण सिगार म्हणजे काही सिगरेट नाही, बरोबर ना?

नाही हो, अजिबात बरोबर नाही. मेलभर फ्रिज, फ्रिज आणि खरी गोष्ट ता.क. मधे! म्हणून मी शेवटापासून सुरू करतो.

फॉर्ममधे बहुतेक ठिकाणी "तंबाखू किंवा निकोटिनचे कुठलेही पदार्थ" असं विचारलेलं असतं आणि त्यात सिगार, पाइप, हुक्का, गुटखा, निकोटिनचं च्युइंग गम सगळं येतं. मेडिकल होईल तेव्हा रक्त आणि लघवी घेतात, त्यात कोटिनिन, म्हणजे निकोटिनपासून शरीरात तयार होणारा पदार्थ, बघतात, आणि आठवड्याला एक-दोन सिगार ओढणाऱ्या माणसाच्या लघवीत ते सापडायची चांगलीच शक्यता असते, धूर आत घेत नसलात तरी, कारण निकोटिन तोंडातूनही शरीरात जातं. समजा सापडलं नाही आणि पॉलिसी मिळाली. तरी इथे अमेरिकेत पहिली दोन वर्षं कंपनीला अर्जातली माहिती खोदून काढायचा हक्क असतो, आणि त्या दोन वर्षांत तुमचं काही झालं तर वहिनी क्लेम करतील आणि कंपनी तुमच्या डॉक्टरांच्या नोंदी मागवेल, आणि त्यात कुठेतरी "ऑकेजनल सिगार" असं तुम्हीच सांगितलेलं असेल. दोन वर्षांनंतर सगळं माफ असंही समजू नका, मुद्दाम खोटं लिहिल्याचं प्रकरण काही राज्यांत नंतरही निघू शकतं. ज्या १० लाखांसाठी पॉलिसी घेताय तेच पणाला लावताय, कशासाठी, तर प्रीमियम वाचवायला.

प्रीमियममधला फरक मोठा आहे हे मान्य. स्मोकरचा रेट लागला तर दुपटी-तिपटीनं जातो. पण एक वाट आहे, आणि ती एजंट स्वतःहून सांगेलच असं नाही: काही कंपन्या वर्षाला १२ पर्यंत सिगार ओढणाऱ्याला नॉन-स्मोकरचा रेट देतात, अट एवढीच की फॉर्मवर ते खरं खरं लिहिलेलं असावं आणि टेस्टमधे कोटिनिन सापडू नये. प्रत्येक कंपनीचा आकडा वेगळा असतो, म्हणून एकाच कंपनीला चिकटलेल्या एजंटकडे न जाता चार-पाच कंपन्यांचे कोट आणून देणाऱ्याकडे जा. आता तुमचा आकडा बघा. आठवड्याला दीड धरला तरी वर्षाचे ७८. म्हणजे १२ मधे बसायचं असेल तर महिन्याला एक. बसायचं नसेल तर स्मोकरचा रेट भरा, पण मग तो जास्तीचा प्रीमियम सिगारच्या खर्चात धरा, वेगळ्या रकान्यात लपवू नका. आणि ज्या दिवशी खरंच सोडाल त्याच्यानंतर साधारण वर्षभरानं रेट बदलून मागता येतो, तेव्हा स्मोकर म्हणून पॉलिसी घेतली म्हणजे २० वर्षं अडकलो असं नाही.

तर आधी एजंटला फोन, उत्तर दुरुस्त, मग फ्रिज. याच क्रमानं.

आता फ्रिज. मी स्वतः ओढत नाही, माझं व्यसन चहा, तोही दिवसाला सहा कप. पण साउथ जर्सीतल्या एका क्लायंटनं हाच उद्योग केला होता आणि त्याच्या बेसमेंटमधे बसून मी तो फ्रिज आतून-बाहेरून बघितलाय, त्यामुळे थोडंफार कळतं. सिगारला लागतं काय तर साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रता आणि ६५ ते ७० फॅरनहाइट तापमान. तुमच्या घरात जानेवारीत हीटिंग चालू असताना हवा पापडासारखी कोरडी असते, त्यात उघडा ठेवला तर सिगार आठवड्याभरात तडकतो. वाईन फ्रिज म्हणजे रबरी सील असलेली, जाड भिंतींची पेटी, म्हणून लोकांना ती आवडते. २८ बाटल्यांवाले बरेचसे फ्रिज थर्मोइलेक्ट्रिक असतात, कॉम्प्रेसर नाही, फक्त एक छोटी प्लेट जिची एक बाजू थंड होते आणि दुसरी गरम. तुमचा तसाच असेल तर नशीब समजा. कॉम्प्रेसरवाला असता तर आतली कॉइल इतकी गार होते की हवेतलं सगळं पाणी तिच्यावर जमून खालच्या भोकातून वाहून जातं, मग तुम्ही पाकिटं बदलत बसा.

पण त्या प्लेटचा दम किती? बाहेरच्या हवेपेक्षा साधारण २० डिग्री फॅरनहाइट खाली, त्याच्यापुढे नाही. आणि ती फक्त गार करते, गरम करत नाही. न्यू जर्सीतलं गराज ऑगस्टमधे १०० ला टेकतं आणि जानेवारीत पाणी गोठतं. माझ्या त्या क्लायंटनं नेमका गराजमधेच ठेवला होता. जुलैत पोरांना घेऊन तीन आठवडे साताऱ्याला गेला, परत आल्यावर ट्रे ओढला तर प्रत्येक सिगारला टाचणीनं टोचल्यासारखी बारीक भोकं. एक उचलून पांढऱ्या कागदावर आपटला तर तपकिरी पूड पडली आणि त्या पुडीतून एक छोटा भुंगेरा चालत निघाला. हा तोच किडा बरं का जो आपल्याकडे साठवणीच्या हळकुंडात आणि मिरचीत होतो, अंडी पानातच असतात, ७५ च्या आसपास आणि वर ऊब मिळाली की फुटतात. ११०० डॉलरचा माल कचऱ्यात. होमओनर्स इन्शुरन्सकडे विचारून बघू का म्हणाला, मी म्हटलं कीड लागली म्हणून कोणी क्लेम देत नाही, राहू दे.

म्हणून फ्रिज बेसमेंटमधे आणा. तिथे बाराही महिने तापमान बऱ्यापैकी स्थिर असतं आणि गंमत म्हणजे मग वर्षातले आठ-नऊ महिने तो प्लगमधे लावायचीच गरज नाही, नुसती बंद पेटी म्हणूनच तो चांगला. विजेचा खर्च काढायचाच तर ७० वॉट, २४ तास, म्हणजे दिवसाला पावणेदोन युनिटच्या आत, २० सेंट युनिट धरलं तर महिन्याला साधारण १० डॉलर. त्यानं कोणी बुडत नाही.

बुडवणारे आहेत ते ड्रॉवर. ४२० डॉलर! स्पॅनिश सीडर हे नावाला सीडर, ते ना स्पेनचं ना देवदार, ते आपल्या कडुनिंबाच्या कुळातलं झाड आहे, ओलावा धरून ठेवतं आणि वास छान देतं म्हणून वापरतात. तेच लाकूड सिगारच्या रिकाम्या खोक्यांना असतं, आणि अशी खोकी सिगारच्या दुकानात दोन-पाच डॉलरला मिळतात, ओळख असली तर फुकट. झाकण काढा, फ्रिजच्या जाळीवर ठेवा, झाले ट्रे. त्या क्लायंटनं दुसऱ्या खेपेला असंच केलं, सगळे मिळून २६ डॉलर. दिसायला मापाच्या ड्रॉवरसारखं नाही दिसत, पण दार बंद असतं हो. पाकिटांचं पण तसंच, ६० ग्रॅमचं एक पाकीट साधारण २५ सिगारना पुरतं, तेव्हा तुम्ही ३०० च्या हिशोबानं घेऊ नका. किती घ्यायची ते खाली येतंय. हायग्रोमीटर दोन हवेतच, पण कंपनीनं छापलंय म्हणून विश्वास ठेवू नका: बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, चार थेंब पाणी टाकून ओल्या वाळूसारखं करा, झाकण आणि मीटर झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दाखवायला पाहिजे. ७१ दाखवत असेल तर पुढे कायम त्यात ४ मिळवायचे. त्या आधी फ्रिजचा प्लास्टिकचा वास घालवायला बेकिंग सोड्यानं पुसून, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून थोडे दिवस सोडून द्या.

असं केलंत तर ६०० चं काम दीडशेच्या आत होतं. याला माझी हरकत नाही. फ्रिज आहेच, विकायला काढलात तर फार काही मिळणार नाही.

हरकत आहे ती ३०० या आकड्याला. वर्षाला ७८ तर ३०० म्हणजे जवळजवळ चार वर्षांचा साठा. आपल्याकडे वर्षाचे गहू भरून ठेवायची पद्धत होती, पण चार वर्षांचे कोणी भरत नव्हतं, आणि गव्हाला निदान आपल्याला भूक लागली म्हणून हात लावायचे. घरात ३०० असले की आठवड्याला एक-दोनचे तीन-चार कधी होतात कळत नाही, मी हे दारूच्या बाबतीत, चॉकलेटच्या बाबतीत, सगळीकडे बघितलंय. तुमची बचत कशी आहे बघा: १६ च्या जागी ८, म्हणजे ७८ सिगारवर वर्षाला ६२४ डॉलर वाचले. खरे वाचले, नाही म्हणत नाही. पण त्याच ८ डॉलरनं आठवड्याला तीन ओढायला लागलात तर वर्षाचे १२४८, म्हणजे लाउंजमधे जेवढे जात होते बरोब्बर तेवढेच, फक्त धूर दुप्पट. डॉक्टर काय म्हणतील ते मी सांगत नाही, तुम्ही ऐकलंच असेल, पण विमेवाले ज्या आकड्याकडे बघतात तो हाच.

इन्व्हेस्टमेंट हा शब्द तर मेलमधून खोडूनच टाका. लिलावात भाव येतो तो मुख्यतः जुन्या क्युबन सिगारना, आणि ते लिलाव होतात लंडनसारख्या ठिकाणी. अमेरिकेत क्युबन माल १९६२ पासून बंद आहे. ती बंदी घालायच्या आधी राष्ट्राध्यक्ष केनेडींनी आपल्या प्रेस सेक्रेटरीला पाठवून स्वतःसाठी १२०० सिगार गोळा करायला लावले आणि मग सही केली, हे त्या सेक्रेटरीनंच नंतर सांगितलंय. मधे ओबामांच्या काळात प्रवाशांना थोडी मोकळीक होती, ती सप्टेंबर २०२० मधे परत काढून घेतली. तुम्ही लिहिलंय की दिवाळीला पुण्याहून येताना दुबईच्या ड्युटी फ्रीमधून क्युबन सिगारचा एक बॉक्स आणीन. नका आणू. ग्रीन कार्डच्या रांगेत उभा असलेला माणूस कस्टम्सच्या प्रश्नाला एका बॉक्ससाठी खोटं उत्तर देतो, याच्याइतका महाग सिगार जगात नसेल. जाताना सासऱ्यांसाठी न्यायचे असतील तर भारतात २५ पर्यंत ड्युटी लागत नाही, तेवढेच न्या.

राहिले तुम्ही घेणार ते निकाराग्वा, डॉमिनिकनचे. ते मुरतात, चव बदलते, पण विकणार कुणाला? तंबाखू विकायला लायसन्स लागतं, ईबेवर चालत नाही. जी वस्तू विकता येत नाही ती फक्त खर्च असते, हौसेचा खर्च, आणि हौसेला माझी ना नाही.

तर आता पैसे कुठे लावायचे. २४ टक्क्यांच्या ३८०० वर महिन्याला ७६ डॉलर व्याज जातंय, म्हणजे लाउंजमधले जवळजवळ पाच सिगार, पेटवायच्या आधीच. ते शून्य टक्केवालं कार्ड मिळतंच आहे ना, मग त्याच्यावर सिगार नका घेऊ, हे ३८०० तिकडे ट्रान्सफर होतात का विचारा. फी ३ टक्के असली तर ११४ डॉलर, एकूण ३९१४, पंधरा महिन्यांत फेडायचे तर महिन्याला २६१. ऑटो-पे लावून टाका आणि त्या कार्डवर दुसरं काहीही घेऊ नका. मुदत संपायच्या आत फिटलं नाही तर उरलेल्यावर पुन्हा तोच चढा रेट. इमर्जन्सी फंड निदान चार महिन्यांचा होईपर्यंत सिगारला महिन्याला ५० डॉलर, रोख, वेगळ्या लिफाफ्यात. त्यात सहा येतात. टर्मसाठी १२ चा मार्ग घेतलात तर एकच लागेल, उरलेले ४२ फंडात.

आणि एवढ्याच मालासाठी फ्रिज पण लागत नाही हे सांगायला हवं. हवाबंद प्लास्टिकचा मोठा डबा, त्यात सीडरची दोन पातळ फळकुटं आणि दोन पाकिटं, २५-३० डॉलरमधे ५० सिगार सुखात राहतात. बेसमेंटच्या कपाटात, पोरांचा हात पोचणार नाही अशा फळीवर. वर्षभर हा डबा वापरून बघा. पुढच्या वर्षी कार्ड फिटलेलं असेल, टर्म पॉलिसी खऱ्या उत्तरावर मिळालेली असेल आणि तरी हौस टिकून असेल, तर गराजमधून फ्रिज खाली आणा, १०० च्या वर भरू नका, म्हणजे पाकिटं चार.

वहिनींना २४०० चा आकडा सांगितलाय का हे मेलमधे नव्हतं. सांगा. आणि फ्रिज खाली आणाल तेव्हा मागच्या बाजूचं पाणी जायचं भोक आधी बुजवा, त्या क्लायंटचं पहिल्या वेळी तेही राहिलं होतं.