रोमनकालीन नाण्यावरचं देऊळ प्रत्यक्षातही तसंच होतं का?

तुमच्या इफिससच्या (आजच्या तुर्कस्तानातल्या प्राचीन शहराच्या) नाण्यावर चारच खांबांचं देऊळ आहे, म्हणून तुम्ही विचारताय की सात आश्चर्यांतलं आर्टेमिस या ग्रीक देवीचं देऊळ एवढंसंच होतं का. नाही हो. नाण्यावरचे खांब मोजायचेच नसतात. ठसा कोरणाऱ्याला जागा जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर, आणि त्यात देवी तर दिसायलाच हवी. मग तो मधले खांब सरळ गाळायचा आणि गाभाऱ्यातली मूर्ती पुढे आणायचा. याच देवळाला कुठे चार, कुठे सहा, कुठे आठ खांब दिसतात. पहिल्या शतकातल्या रोमन लेखक प्लिनीने एकूण 127 सांगितलेत.

पण म्हणून नाणं खोटं ठरत नाही. भिंग घेऊन छपराखालचा दर्शनी त्रिकोण बघा. चांगल्या प्रतीत तिथे खिडकीसारखी उघडी चौकट दिसते. कारागिराची लहर म्हणून ती सोडून देता आली असती, पण जवळच्याच मॅग्नेशिया शहरातल्या आर्टेमिसच्या देवळाला अशा चौकटी खरोखर होत्या. काही नाण्यांवर खांबांच्या बुडाशी कोरीव पट्टाही दिसतो. प्लिनी म्हणतो, 36 खांब कोरीव होते. 1869 मध्ये तिथे खोदकाम करणाऱ्या जॉन टर्टल वुड या इंग्रजाला देवळाची जागा सापडली, आणि तिथला असा एक कोरीव तुकडा आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

माझं आवडतं नाणं मात्र नेआपोलिसचं, म्हणजे आजच्या नाब्लुसचं. रोमन सम्राट अँटोनायनस पायसच्या काळात पाडलेलं. त्यावर अख्खा गरिझिम डोंगर आहे: पायथ्याशी खांबांची ओळ, वर चढत जाणाऱ्या पायऱ्या, माथ्यावर झ्यूसचं देऊळ. 333 साली बोर्दोहून आलेल्या एका यात्रेकरूने या डोंगराच्या 1300 पायऱ्या नोंदवल्यात. 1960 च्या दशकात खोदकाम झालं तेव्हा देवळाचे अवशेष आणि पायऱ्या दोन्ही निघाल्या.

एकाच नाण्यावर दोन-तीन देवळं दिसली तर ती शहराची फुशारकी समजा. सम्राटाच्या पूजेचं अधिकृत देऊळ मिळणं हा मोठा मान होता आणि त्यावरून इफिसस, स्मर्ना, पर्गमम या शहरांची कायम चढाओढ चालायची.

विकत घेणार असाल तर एक बघा. देवळाच्या नाण्यांना भाव जास्त, म्हणून झिजलेले खांब सुईने पुन्हा कोरून विकणारे बरेच आहेत. खांब धारदार, पण दुसऱ्या बाजूच्या सम्राटाचं नाक-कान गुळगुळीत असेल, तर ते नाणं सोडा.