फाइलसिस्टिम आणि तिच्या टूल्ससाठी रिग्रेशन चाचण्या कशा लिहाव्यात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: कलाभवनातल्या (वडोदऱ्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या) शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तुम्ही फ्यूजवर (साध्या प्रोग्रॅमसारखी फाइलसिस्टिम चालवू देणारी लिनक्सची सोय) चालणारी छोटी फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडणारी व्यवस्था, आणि तिच्यासोबत एमकेएफएस (नवी फाइलसिस्टिम तयार करणारे) व एफएससीके (तिच्यातल्या चुका शोधून दुरुस्त करणारे) अशी दोन टूल्स लिहीत आहात, एकदा सुधारलेला बग महिन्याभराने पुन्हा डोके वर काढतो, आणि वीज गेल्यावर काय होते हे तपासायला खरोखरच प्लग काढावा लागतो का, हेही तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. मीही कलाभवनातच शिकलो आणि वडोदऱ्यातल्या एका लहान कंपनीत दुकानांसाठी स्टोरेज सर्व्हर तयार करण्याचे काम करतो. त्यामुळे या विषयात जे हाताशी आले आहे, ते सविस्तर लिहितो.

सगळ्यांत आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. जी चाचणी जुन्या, बिघडलेल्या कोडवर नापास होताना तुम्ही स्वतः पाहिलेली नाही, ती रिग्रेशन चाचणी (सुधारलेला बग परत आला तर पकडणारी) म्हणून जमा करू नका. बग सुधारल्यावर घाईने लिहिलेली चाचणी पहिल्याच फेरीत पास होते आणि आपण समाधानाने पुढे जातो. पण ती नेमके काय पकडते, हे आपल्याला त्या वेळी ठाऊक नसते.

हे मला एका उत्तरायणाने, म्हणजे गुजरातेतल्या पतंगांच्या संक्रांतीने, शिकवले. त्या दिवशी पतंगाचा मांजा तारांत अडकून वीज अनेकदा गेली आणि आली. वासी उत्तरायण (सणाचा दुसरा दिवस) उलटल्यावर न्याय मंदिराजवळच्या एका कापड दुकानातून फोन आला. सर्व्हरवर सेटिंगची फाइल जागेवर होती, नाव बरोबर होते, पण तिचा आकार शून्य बाइट झाला होता. आमचे टूल नवी सेटिंग तात्पुरत्या फाइलीत लिहून ती जुन्या फाइलीच्या नावावर रिनेम करत असे, पण रिनेमपूर्वी एफसिंक (मजकूर डिस्कवर पोहोचेपर्यंत थांबणे) करत नसे. कारण अर्ध्या तासात सापडले. चाचणी लिहायला मात्र चार दिवस लागले.

पहिल्या प्रयत्नात मी टूल चालू असताना प्रोसेस मारून पाहिली. काहीही बिघडले नाही, कारण प्रोसेस मेली तरी तिने लिहिलेला मजकूर कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) पेज कॅशमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात, सुखरूप असतो आणि यथावकाश डिस्कवर जातो. प्रोसेस मरणे आणि वीज जाणे या दोन अगदी वेगळ्या घटना आहेत. मग मी लूप डिव्हाइसवर (डिस्कसारख्या वागणाऱ्या फाइलीवर) डीएम-फ्लेकी ही डिस्कचा बिघाड घडवून आणणारी लिनक्सची सोय बसवली. ठरावीक क्षणानंतर डिस्कवर येणारे प्रत्येक लिखाण ती गुपचूप टाकून देते. त्यानंतर अनमाउंट करून डिव्हाइस पूर्ववत केले आणि पुन्हा माउंट केले, की वीज जाऊन आल्यासारखी स्थिती मिळते. तरीही जुन्या, सदोष टूलवर चाचणी पन्नासच्या पन्नास वेळा पास झाली.

माझ्या मशीनवर ईएक्सटी4 ही फाइलसिस्टिम होती आणि दुकानांतल्या सर्व्हरवर एक्सएफएस ही दुसरी. शून्य बाइटच्या फाइलींवरून 2009 मध्ये बराच वाद झाल्यावर ईएक्सटी4 मध्ये, लिनक्स 2.6.30 पासून, अशी सोय आली की असलेल्या फाइलीवर रिनेम होताना दिसले तर नव्या फाइलीचा मजकूर जर्नलमधल्या (बदलांच्या नोंदवहीतल्या) त्या रिनेमच्या आधी डिस्कवर पोहोचवला जातो. एक्सएफएस ही मेहेरबानी करत नाही. तिथे मजकूर प्रत्यक्ष लिहून झाल्यावरच डिस्कवरचा आकार वाढतो. मी चाचणी एक्सएफएसवर आणली, तरी ती पास होतच राहिली, कारण रिनेमच डिस्कवरच्या लॉगमध्ये (एक्सएफएसच्या जर्नलमध्ये) पोहोचत नव्हते आणि जुनी फाइल अखंड परत येत होती. तो निकाल पूर्णपणे वैध आहे. शेवटी रिनेमनंतर त्याच फाइलसिस्टिमवर एक दुसरी, असंबद्ध फाइल तयार करून तिच्यावर एफसिंक केले. त्यामुळे लॉग डिस्कवर गेला आणि त्याच्यासोबत रिनेमही गेले. सेटिंगचा मजकूर तेवढा मागे राहिला. आता दर वेळी शून्य बाइट! मग सुधारलेले टूल चालवले आणि चाचणी पास झाली. त्या क्षणापासून मी तिच्यावर विसंबू लागलो.

यातून अपेक्षित निकालाचा प्रश्नही सुटतो. वीज मधेच गेली तर पूर्ण जुनी किंवा पूर्ण नवी फाइल मिळाली पाहिजे, आणि टूलने ‘जतन झाले’ असे सांगितल्यानंतर गेली तर फक्त नवीच मिळाली पाहिजे. ही दोन वेगळी वचने आहेत आणि त्यांच्या चाचण्याही वेगळ्या लिहाव्यात. त्या एकत्र केल्या, तर नापास झाल्यावर कोणते वचन मोडले ते कळत नाही.

प्लग काढण्याची गरज नाही. तुमची फाइलसिस्टिम फ्यूजवर आहे आणि एका इमेज फाइलीत (डिस्कची जागा घेणाऱ्या फाइलीत) लिहिते, त्यामुळे तुमचे काम उलट सोपे आहे. सर्व लिखाण एकाच फंक्शनमधून जाऊ द्या आणि तिथे प्रत्येक लिखाणाची व प्रत्येक फ्लशची (लिखाण डिस्कवर पक्के करण्याच्या आदेशाची) क्रमाने नोंद ठेवा. मग नोंदीतल्या प्रत्येक फ्लशपर्यंतचे लिखाण कोऱ्या इमेजवर पुन्हा उतरवा, एफएससीके चालवा, माउंट करून पाहा. कर्नलमधले डीएम-लॉग-राइट्स डिस्कसाठी अशीच नोंद ठेवते. हे जमल्यावर दोन फ्लशच्या मधली काही लिखाणे गाळूनही पाहा, कारण खरी डिस्क त्यांचा क्रम पाळेलच असे नाही.

एफएससीकेसाठी ईटूएफएसप्रॉग्सची (ईएक्सटी4 च्या टूल्सच्या संचाची) पद्धत मला सर्वांत प्रामाणिक वाटते. तिथे बहुतेक चाचण्यांत एक लहान, मुद्दाम बिघडवलेली इमेज कॉम्प्रेस करून ठेवलेली असते आणि एफएससीके तिच्यावर दोनदा चालवले जाते. पहिल्या फेरीत चुका सापडून दुरुस्त झाल्या म्हणजे एक्झिट कोड (टूल संपताना देते तो अंक) 1 यायला हवा; लगेच दुसऱ्या फेरीत काहीही न सापडता 0 यायला हवा. दुरुस्ती झाली असे म्हणणे आणि ती खरोखर होणे यांतले अंतर ही दुसरी फेरी उघडे पाडते. इमेज नेमकी कुठे आणि कशी बिघडवली, हे चाचणीच्या सुरुवातीला दोन ओळींत लिहून ठेवा. वर्षभराने त्या बाइट्सकडे पाहून तुम्हाला काहीही आठवणार नाही.

चाचण्यांचा सांगाडा मात्र स्वतः रचू नका. एसजीआय या कंपनीत एक्सएफएससाठी सुरू झालेला एक्सएफएसटेस्ट्स हा संच आज लिनक्सवरच्या बहुतेक फाइलसिस्टिमसाठी वापरला जातो आणि फ्यूजवरही चालतो. त्यातली प्रत्येक चाचणी म्हणजे एक शेल स्क्रिप्ट आणि तिच्या अपेक्षित आउटपुटची फाइल; दोन्हींत फरक पडला की चाचणी नापास. म्हणून आउटपुटमध्ये फक्त वचनाचा भाग उरला पाहिजे. डिव्हाइसचे नाव, वेळ, आयनोड (फाइलीची अंतर्गत नोंद) क्रमांक, मोकळ्या ब्लॉकची संख्या हे सगळे फिल्टर करून काढा. ब्लॉकचा आकार 4096 बाइट धरून लिहिलेली चाचणी 1024 च्या ब्लॉकवर विनाकारण नापास होते, आणि अशा चाचणीकडे लोक पुढे दुर्लक्ष करू लागतात.

आपल्याकडच्या वापराला जवळची एक चाचणी आवर्जून लिहा. फाइलीच्या नावाची मर्यादा साधारणपणे 255 बाइटची असते, अक्षरांची नव्हे. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. म्हणजे ‘क्षि’ या एका अक्षराला क, हलन्त, ष आणि वेलांटी मिळून बारा बाइट लागतात. ‘क्षि’ एकवीस वेळा आणि शेवटी एक ‘अ’ असे नाव बरोबर 255 बाइटचे होते. ते तयार झालेच पाहिजे, पुन्हा माउंट केल्यावर जसेच्या तसे दिसले पाहिजे, आणि त्यात आणखी एक अंक जोडला तर नाव लांब असल्याची त्रुटी आली पाहिजे. आमच्या दुरुस्तीच्या टूलमध्ये नाव कापताना तीन बाइटांच्या मधोमध कात्री लागत होती, ते याच नावाने उघडकीस आले.

टूल्स आणि फाइलसिस्टिम यांना एकत्र तपासणेही टाळू नका. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये ओपनझेडएफएस या फाइलसिस्टिमवर कॉपी केलेल्या काही फाइलींत मधले तुकडे शून्यांनी भरलेले आढळले. आधी संशय 2.2 मधल्या नव्या ब्लॉक क्लोनिंगवर (मजकूर पुन्हा न लिहिता कॉपी करण्याच्या सोयीवर) गेला, पण मूळ दोष जुना निघाला: नुकत्याच लिहिलेल्या फाइलीत पोकळी (काही न लिहिलेला, शून्य धरला जाणारा भाग) कुठे आहे, या प्रश्नाला फाइलसिस्टिम क्वचित चुकीचे उत्तर देत असे. कोअरयुटिल्स (लिनक्सच्या मूलभूत कमांडचा संच) 9 पासून फाइली कॉपी करणारी सीपी कमांड हा प्रश्न विचारू लागली आणि दोष दिसणे सोपे झाले. लिहिणे आणि लगेच त्याच फाइलीची कॉपी करून दोन्हींचा चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा अंक) ताडून पाहणे, एवढी साधी चाचणी तुमच्या संचात असू द्या. ती एकदा नव्हे, तर अनेक प्रोसेसमधून हजारो वेळा चालवा.

परत येणारा तुमचा बग एखाद्या यादृच्छिक चाचणीत सापडला असेल, तर एफएसएक्स हे फाइलीवर यादृच्छिक क्रिया करून पाहणारे टूल वापरून पाहा. तफावत आढळताच ते तोवर केलेल्या क्रियांची नोंद छापते आणि ती नोंद पुन्हा जशीच्या तशी चालवताही येते. सीड (यादृच्छिक क्रम ठरवणारा आरंभीचा अंक) आणि नोंद दोन्ही जपून ठेवा, मग एकेक क्रिया वगळत बग टिकतो का ते पाहत जा. पुष्कळदा शेवटी तीन-चार ओळीच उरतात. त्या ओळी चाचणी म्हणून जमा करा.