फार्म टीममध्ये तिशीच्या आसपासचे दोन-तीन गडी ठेवाच

प्रश्न असा आहे: 'ईस्टसाइड हॉकी मॅनेजरमध्ये एनएचएलचा संघ घेतलाय. खालच्या एएचएल संघासाठी खेळाडू कसे साइन करू? सगळी तरुण पोरंच भरली तर चालेल का?'

नाही चालणार. (नवख्यांसाठी: हा बर्फावरच्या हॉकीचा संघ चालवायचा कम्प्युटर गेम. एनएचएल ही उत्तर अमेरिकेतली सगळ्यात वरची लीग, एएचएल तिच्या खालची; तिथला आपला संघ म्हणजे फार्म टीम.) खरं तर या शेवटच्या वाक्यासाठीच लिहायला बसलोय. 'सगळी पोरंच भरा' हे माझा मावसभाऊ वर्षानुवर्षं म्हणत आलाय.

आम्ही दोघं भुसावळचे, एकाच गल्लीतले. तो आता पुण्यात असतो. नेटवर्कवर दोघांचा एकच सेव्ह, म्हणजे साठवलेला खेळ, चालतो, त्याचा संघ वेगळा, माझा वेगळा. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसच्या वर, कूलर गरम हवा फेकतोय आणि आम्ही रात्री बर्फावरच्या पोरांचे करार लिहितोय. घरच्यांना यातलं काही कळत नाही, त्यांनी विचारणंही सोडलंय.

तर एका हंगामात ऑगस्ट संपता संपता मी एक डिफेन्समन (बचावपटू) घेतला. वय एकोणतीस, वीसपैकी वेग 9, पण चेकिंग (समोरच्याला अडवणं) आणि डिटर्मिनेशन (जिद्द) दोन्ही 17. एक वर्षाचा टू-वे करार, म्हणजे वर खेळला तर एक पगार, खाली खेळला तर कमी पगार. हिवाळ्यात मावसभाऊ गावी आला, मळ्यात भरिताचा बेत होता. बामणोदची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजून झाली होती, मी लाकडी बडगीत ठेचत होतो आणि हा शेजारी बसून मोबाइलवर माझ्या संघाची यादी वाचत होता. मोठ्याने, चारचौघांत. त्या डिफेन्समनपाशी थांबला आणि म्हणाला, 'काय उपयोग शे त्याना? वर जाणार नाही त्याच्यावर पैसा कशाला?'

उपयोग महिनाभरातच दिसला. माझे वरचे दोन डिफेन्समन एकाच आठवड्यात जायबंदी झाले. खाली वीस वर्षांचा एक चांगला पोरगा होता. त्याला वर नेलं असतं तर तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या जोडीत बसून काढले असते दिवस, सामन्याला सहा-सात मिनिटं. खाली तो वीस मिनिटं खेळत होता, पॉवर प्लेसुद्धा (समोरचा गडी शिक्षेमुळे बाहेर असतानाचा खेळ) त्याच्याकडे. पोरं वाढतात ती खेळायला मिळालेल्या मिनिटांवर. म्हणून मी म्हाताऱ्याला वर बोलावलं, पोरगा खालीच राहिला. एवढं साधं गणित आहे. जो कधी वर टिकणार नाही, तोच वरची भोकं बुजवायला हवा असतो.

आता वेव्हरचं. वेव्हर म्हणजे खेळाडू खाली पाठवण्याआधी बाकीच्या संघांना तो उचलायची संधी द्यायची; कोणी नाही उचलला तर तो सुटला. एकदा वेव्हरमधून सुटलेला खेळाडू एनएचएलमध्ये 10 सामने खेळला किंवा 30 दिवस वरच्या यादीत राहिला, की खाली पाठवताना पुन्हा वेव्हरवर टाकावा लागतो. दुखापती लांबल्या, माझा गडी दहाच्या पुढे गेला. टाकला वेव्हरवर. असल्या खेळाडूला सहसा कोणी हात लावत नाही. पण गुणतक्त्यात जो तळाला, त्याचा पहिला हक्क असतो. आणि तळाला कोण? सगळी पोरं भरणारे आमचे बंधुराज. उचलला त्यांनी! फोन केला तर म्हणे, 'तुला त्रास द्यायला घेतला.' बरं. मग जुलैत त्याच म्हाताऱ्याला दोन वर्षांचा करार का दिलास रे? 'स्वस्त होता.'

हाच माणूस आमच्या गल्लीच्या मंडळाचा कबड्डी संघ निवडायचा. एका वर्षी त्याने तिशीवरचे सगळे काढले, मी डावा कोपरा खेळायचो, मीही गेलो. नवीन पोरं चढाया झकास करायची, पण पकडीच्या वेळी एकमेकांचा हात धरून साखळी करायला कोणी तयार नाही. समोरचा आत येऊन दोन-दोन गडी बाद करून जायचा. पहिल्याच फेरीत घरी. यावर तो आजही म्हणतो की मैदान ओलं होतं.

असो. तुमच्या कामाचं: जुलैच्या पहिल्या तारखेला फ्री एजंट (करार संपलेले खेळाडू) सुटतात तेव्हा खालच्या संघासाठी घाई करू नका. ऑगस्ट-सप्टेंबरला उरलेल्यांच्या मागण्या उतरतात. एकूण 50 करारांची मर्यादा आहे. 46 च्या आसपास थांबा, नाहीतर ड्राफ्टमधल्या (संघ पाळीपाळीने नवी पोरं निवडतात ती निवड) पोराला करार द्यायच्या वेळी जागा नसते. अठरा ते एकवीस वयाच्या पोराचा पहिला करार तीन वर्षांचाच होतो, म्हणजे एक चुकीचा पोरगा तीन वर्षं जागा अडवतो. म्हातारा एका वर्षात मोकळा. ड्राफ्टमध्ये कोणी न घेतलेल्यांकडेही बघा. अॅलेक्स बरोज एएचएलच्याही खालच्या ईसीएचएलमधून वर सरकत 2005-06 च्या हंगामात व्हँकूवरकडून एनएचएलमध्ये आला, आणि 2011 मध्ये शिकागोविरुद्ध सातव्या सामन्यात ओव्हरटाइमचा गोल त्याचाच.

अर्थात दोन-तीन म्हणालो म्हणून आठ-दहा म्हातारे भरू नका. खऱ्या एएचएलमध्येही 260 पेक्षा जास्त व्यावसायिक सामने झालेले फार जण एका सामन्यात उतरवता येत नाहीत. गोलीला, म्हणजे गोलरक्षकाला, यातलं काहीच लागू नाही, तिथे तरुणच ठेवा, आणि एकाच संघात दोन होतकरू गोली नकोत, एक कायम बाकावर बसतो. फ्रँचायझी हॉकी मॅनेजर हा दुसरा गेम खेळत असाल तर पडदे वेगळे आहेत, बटणं तुमची तुम्ही शोधा. आणि सेव्हमध्ये नातेवाईक असेल, तर गडी दहाव्या सामन्याआधीच खाली पाठवा.