कपाटाचं दार लागलं, म्हणे

पत्र थोडक्यात असं: 'माझी धाकटी बहीण 34 वर्षांची. शिकलेली, स्वतः कमावणारी. नवरा हात उचलतो हे मला 2 वर्षांपूर्वी कळलं, तेही चुकून. मानेवरचा काळानिळा डाग दिसला म्हणून विचारलं, तर म्हणाली, कपाटाचं दार लागलं. मागच्या महिन्यात मी सांगून टाकलं, एक तर ते घर सोड, नाहीतर मला फोन करू नकोस. तिने खरंच फोन करणं सोडलं. आता वाटतं, जाऊन त्यालाच जाब विचारावा. ती कुणाकडेच मदत का मागत नाही? – एक मोठी बहीण'

प्रिय ताई,

आधी जाब विचारण्याचं बघू, कारण ते तिच्या अंगाशी येईल. जाऊ नका. तुम्ही तिथे अर्धा तास असाल. तो मान खाली घालून ऐकून घेईल, कदाचित डोळ्यांत पाणीही आणेल. तुमची पाठ वळली की 'घरातलं बाहेर सांगतेस काय?' हे तिच्याकडून वसूल होईल. पुढच्या वेळी ती तुमच्यापासूनही लपवेल.

आता तुमचा प्रश्न. मीही एके काळी एका मैत्रिणीला विचारलं होतं, 'तू सहन का करतेस?' मला वाटलं, मी काळजीपोटी विचारतेय. तिला ऐकू आलं, 'तुझंच काहीतरी चुकतंय.' ते तर ती घरी रोज ऐकत होती. पुढची अडीच वर्षं तिचा मला फोन नाही.

तुमची बहीण वेगळी वागतेय असंही नाही. युरोपियन युनियनच्या मूलभूत हक्क संस्थेने 28 देशांतल्या 42,000 स्त्रियांशी बोलून 2014 मध्ये अहवाल काढला. जोडीदाराने केलेल्या सर्वांत गंभीर हिंसेबद्दल पोलिसांना कळवणाऱ्या स्त्रिया निघाल्या 14 टक्के. संयुक्त राष्ट्रांच्या माहितीनुसार बहुतेक देशांत हिंसा सोसणाऱ्यांपैकी 40 टक्क्यांहून कमी स्त्रिया कुठलीही मदत मागतात, आणि ज्या मागतात त्या बहुतेक घरच्यांकडे किंवा मैत्रिणींकडे. म्हणजे ताई, तुमच्याकडे. पोलीस, वकील, समुपदेशक हे सगळे नंतर येतात. तुम्हाला कळलं तेव्हा तिची मदत मागण्याची पहिली जागा तुम्हीच होतात, आणि तिथेच तिला अट घातली गेली. टोचून बोलतेय असं वाटेल, पण हे कुणीतरी सांगायला हवं.

'शिकलेली, कमावणारी' हे तुम्ही मुद्दाम लिहिलंय. अशा बाईला तर हिंमत यायला हवी, असंच आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात अनेकदा उलटं होतं. ऑफिसात जिचा सल्ला घेतात, ती कुठल्या तोंडाने सांगणार की काल रात्री मी बाथरूमला आतून कडी लावून बसले होते? अडाणी, गरीब बायका मार खातात, ही समजूत तिचीही असते. मग स्वतःच्या बाबतीत घडतं त्याला ती वेगळं नाव देते. भांडण. त्याचा ताण. एकदाच झालं. कपाटाचं दार. तुमच्याशी खोटं बोलायच्या आधी ती स्वतःशी बोललेली असते.

त्यात तो रोज मारत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लेनोर वॉकर यांनी 1979 मध्ये हे चक्र मांडलं: ताण साचत जातो, स्फोट होतो, मग माफी आणि माया. सगळ्याच घरांत ते असंच फिरतं असं नाही, काही ठिकाणी माफीही नसते. पण जिथे असते तिथे बाई त्या माफी मागणाऱ्या माणसासाठी थांबते, कारण तोही खराच वाटतो. मुलं, कर्जाचे हप्ते, एकत्र खातं, पगार तिचा पण पासवर्ड त्याच्याकडे, हे तुम्हाला माहीत असेलच.

आपल्या लक्षात येत नाही ते हे: सोडून जाण्याचा काळ सर्वांत धोक्याचा असतो. बाई निघाली, किंवा निघणार असा वास लागला, की जिवावर बेतण्याची शक्यता वाढते. त्याचा मूड, पावलांचा आवाज, दारात किल्ली फिरण्याची पद्धत, हे सगळं ती वाचत असते. आपल्याला जो भित्रेपणा दिसतो, तो बहुतेक वेळा तिचा अंदाज असतो, आणि तो आपल्यापेक्षा बरोबर असतो.

म्हणूनच तो मानेवरचा डाग माझ्या डोक्यातून जात नाही. कपाटाचं दार कपाळाला लागतं, कोपराला लागतं. मानेला? गळा दाबणं हे पुढे खून होण्याच्या धोक्याचं मोठं लक्षण मानतात, आणि बाहेर फारसं काही दिसत नसतानाही आत इजा झालेली असू शकते. ती एकटी भेटेल तेव्हा हळूच विचारा, 'त्याने कधी गळा धरलाय का?' हो म्हणाली, तर डॉक्टर आणि महिला हेल्पलाइन, शक्य तितक्या लवकर. तिला तयार करताना तिच्याच वेगाने चला, पण ही गोष्ट हलकी घेऊ नका. तिचा जीव धोक्यात आहे असं त्या क्षणी दिसलं, तर मात्र थेट पोलिसांना बोलवा.

आधी तिच्याशी पुन्हा बोलणं सुरू व्हायला हवं. तिचा फोन तो बघत असेल असं धरून चाला. मेसेजमध्ये नवऱ्याचं नाव नको, 'सोड' नको, माफीचं लांबलचक पुराणही नको. एवढंच पाठवा: 'त्या दिवशी मी फार बोलले, माझं चुकलं. तुझी आठवण येते. केव्हाही फोन कर, रात्री-अपरात्रीसुद्धा.' भेटलात तर एक साधा शब्द ठरवून ठेवा, जो तिने बोलताना वापरला की तुम्ही समजायचं. तिची कागदपत्रं, थोडे पैसे, कपड्यांचा एक जोड तुमच्याकडे ठेवायचं ती म्हणाली, तर का म्हणून विचारू नका, ठेवा.

उत्तर लगेच येणार नाही. पंधरा दिवसांनी काहीतरी साधं पाठवा, तुमच्या दोघींच्या लहानपणीचा एखादा फोटो चालेल. मग आणखी पंधरा दिवसांनी दुसरा.