वाचकांचे प्रश्न : ग्वाल्हेरचा उन्हाळा आणि घरातला हस्की

चैत्र लागला की ग्वाल्हेरहून हस्की या थंड प्रदेशातल्या कुत्र्याबद्दलची पत्रं यायला लागतात. यंदाही आली. त्यांतल्या पाच पत्रांना इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न : दाणाओळीत आमचा जुना वाडा आहे. दीड वर्षाचा हस्की, वजन २४ किलो, तळमजल्यावर राहतो. लोखंडी कूलरवर गेला मे महिना निभावला. पण जुलैत पाऊस पडून हवा उतरली आणि नेमका तेव्हाच तो जास्त धापा टाकू लागला. असं उलटं कसं? एसी घ्यावाच लागेल का?
(एक वाचक, लष्कर)

उत्तर : यात उलटं काहीच नाही, आणि तुम्ही हे टिपलंत ते फार बरं केलंत. ग्वाल्हेरला उन्हाळे दोन असतात. एक एप्रिल ते जून, कोरडा. दुसरा पहिल्या पावसापासून सप्टेंबरपर्यंत, दमट. माणसांना दुसरा सुसह्य वाटतो. हस्कीला तोच जड जातो.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. घाम येतो तो पंजांच्या तळव्यांना, आणि तोही नावापुरता. अंगातली उष्णता तो धापेवाटे बाहेर टाकतो. जीभ, नाक आणि श्वासमार्गातलं पाणी वाफ होऊन उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. हवेत आधीच बाष्प भरलेलं असलं की हे पाणी उडत नाही. मग कुत्रा नुसताच धापा टाकत राहतो आणि त्या श्रमाने आणखी तापतो. कूलरही याच तत्त्वावर चालतो, त्यामुळे दोघांचंही बळ एकाच वेळी संपतं. मेच्या दुपारी ४४ अंश सेल्सिअस आणि १५ टक्के आर्द्रता असली, तर कूलरची हवा २७-२८ अंशांपर्यंत उतरते. जुलैत ३४ अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेत ती फार तर ३१ अंशांवर येते, शिवाय चिंब ओली असते. ती हवा बंद खोलीत सोडणं म्हणजे कुत्र्याची धाप निकामी करणं. पाऊस सुरू झाला की कूलरचा पंप बंद करा, नुसता पंखा चालू ठेवा.

तेव्हा जुलै-ऑगस्टसाठी एसी हवा, पण एकाच खोलीला पुरे. २५-२६ अंशांवर ठेवा. ‘ड्राय’ मोड असेल तर पावसाळ्यात तो वापरा, कारण हस्कीला गारव्याइतकाच कोरडेपणा हवा असतो. १८ अंशांवर दिवसभर कोंडून ठेवलं तर उन्हाची सवय शरीराला लागतच नाही, आणि वीज गेली की तोच कुत्रा आधी कोसळतो.

मे महिन्यासाठी मात्र तुमचा वाडा उत्तम. जाड भिंती, उत्तरेकडची तळमजल्याची खोली आणि दगडी फरशी याहून चांगलं काही नाही. फरशीवर गादी घालू नका, त्याला पोट टेकू द्या. कूलरसमोरच्या बाजूची खिडकी वीतभर उघडी हवी; हवा बाहेर गेली नाही तर कूलर तासाभरात खोली दमट करतो. वाळ्याची ताटी दर हंगामाला नवी घाला, जुन्या ताटीत क्षार साचून हवा अडते.

एक गोष्ट आजच पाहून घ्या. लोखंडी कूलर, ओली फरशी आणि त्यावर झोपलेला कुत्रा हा धोकादायक मेळ आहे. कूलरला तीन पिनांचा प्लग आणि खरंखुरं अर्थिंग हवं, आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच लाइन तोडणारा स्विच) बसवून घ्या. कूलरच्या टाकीतलं पाणी त्याला पिऊ देऊ नका. वीज गेल्यावर घरगुती इन्व्हर्टरवर एसी चालत नाही. १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीवर २०० वॉटचा कूलर पाच-सहा तास निघतो. पावसाळ्यात त्याच बॅटरीवर पंखा लावा आणि ओल्या फरशीऐवजी पाण्याच्या बाटल्या गोठवून, फडक्यात गुंडाळून जवळ ठेवा.

प्रश्न : उन्हाळ्यासाठी मशीन फिरवून केस अगदी बारीक करून घ्या, असं इथला ग्रूमर सांगतो. करावं का?
(थाटीपूर)

उत्तर : करू नका. हस्कीच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे लांब, राठ केस उन्हाची थेट झळ आणि त्वचा भाजणं अडवतात. खालची मऊ लोकर थंडीसाठी असते. उन्हाळ्यात त्रास होतो तो या लोकरीचा, आणि ती मशीन न लावताही निघते. मशीन मारलं की दोन्ही थर एकाच उंचीला कापले जातात. पुढे लोकर आधी वाढते, वरचे केस मागे राहतात. कधी कधी वर्षभर चट्टे भरत नाहीत, कधी भरतात ते भलत्याच पोताचे.

होळीच्या सुमारास लोकर गठ्ठ्यांनी सुटू लागते. तेव्हा तीन आठवडे रोज १५ मिनिटं द्या. अंडरकोट रेक (आतली लोकर ओढून काढणारा दातेरी कंगवा) आणि स्लिकर ब्रश (बारीक तारांचा ब्रश) ही दोन साधनं पुरतात. डाव्या हाताने केस उलटे वर धरा, त्वचेची रेघ दिसली पाहिजे. तिथून बाहेरच्या दिशेने ओढा, मग बोटभर खाली नवी रेघ. मांड्यांच्या मागे, कानांमागे आणि गळपट्ट्याखाली लोकर जास्त दाटते. शेवटी धातूचा साधा कंगवा फिरवा. तो न अडकता त्वचेपर्यंत पोचला तर काम झालं. वरवर चकचकीत दिसणाऱ्या कुत्र्याच्या आतही नमद्यासारखा थर असू शकतो, म्हणून ही तपासणी टाळू नका.

पंज्यांच्या गादीमधले केस कापायला हरकत नाही. पावसाळ्यात भिजला तर टॉवेलवर भागवू नका. आतली लोकर तासन्‌तास ओली राहते आणि एका रात्रीत खाजरी, चिकट जखम तयार होते. ब्लोअर गार हवेवर ठेवून मुळापर्यंत वाळवा, आणि वाळवताना बोटांनी गोचीडही शोधा. कान, बोटांच्या बेचक्या आणि शेपटीचं मूळ आधी बघा.

प्रश्न : लू लागली, म्हणजे उष्माघात झाला, हे नेमकं कसं ओळखायचं? डॉक्टर आमच्यापासून अर्ध्या तासावर आहेत. तोवर काय करावं?
(मोरार)

उत्तर : घरात डिजिटल थर्मामीटर आणि व्हॅसलीन ठेवा. गुदद्वारातून घेतलेलं तापमान निरोगी कुत्र्यात १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. सावलीत बसवूनही धाप कमी होत नाही, लाळ घट्ट, तारेसारखी सुटते, हिरड्या विटेसारख्या लाल होतात, चाल डगमगते, उलटी होते: यांतलं काही दिसलं की थर्मामीटर शोधण्यातही वेळ घालवू नका, पाणी सुरू करा. १०५ च्या पुढे गेलेलं तापमान आतड्यांना, मूत्रपिंडांना आणि रक्त गोठण्याच्या यंत्रणेला इजा करतं, आणि ती इजा मिनिटांच्या हिशेबाने वाढते. म्हणून क्रम असा: आधी गार करा, मग गाडीत घाला. एकाने पाणी ओतायचं, दुसऱ्याने डॉक्टरांना फोन करायचा.

इथे ग्वाल्हेरची एक अडचण आहे. मेच्या दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी नळाला चटका देणारं येतं. ते ओतून कुत्रा गार होणार नाही. म्हणून एप्रिलपासून न्हाणीघरात चार-पाच बादल्या सकाळीच भरून झाकून ठेवा. तरुण, धडधाकट कुत्र्यासाठी त्यात फ्रीजचा बर्फ टाकला तरी चालेल. म्हातारा किंवा हृदयाचा आजार असलेला असेल तर बर्फाशिवायचं पाणी आणि पंखा वापरा.

हस्कीच्या अंगावर नुसतं पाणी ओतलं तर ते वरच्या केसांवरून घरंगळून जातं आणि त्वचा कोरडीच राहते. गार करूनही तापमान उतरत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. बोटांनी केस फाकून पाणी मुळाशी चोळा: पोट, जांघा, काखा, मान. सोबत पंखा पूर्ण वेगाने. पावसाळी दमट हवेत पंख्याचा उपयोग कमी, तिथे पाण्याची धार थांबवू नका. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका; पाच मिनिटांत तो गरम होतो आणि उष्णता आतच कोंडतो.

दर पाच मिनिटांनी तापमान घ्या. १०३ आलं की पाणी थांबवा, नाहीतर ते नको तितकं खाली जातं. शुद्धीवर असेल तर पाणी पुढे ठेवा, तोंडात ओतू नका. ते फुप्फुसात जाऊ शकतं. पॅरासिटामॉल देऊ नका. हा ताप नाही, त्यामुळे त्या गोळीने उतरणार नाही आणि यकृताला इजा मात्र होईल.

उठून शेपूट हलवू लागला तरी दवाखान्यात न्याच. रक्तातल्या प्लेटलेट उतरणं, मूत्रपिंड निकामी होणं हे पुढच्या एक ते तीन दिवसांत उघडं पडतं. त्या काळात रक्तमिश्रित जुलाब, हिरड्यांवर लाल ठिपके किंवा लघवी कमी होणं दिसलं तर रात्र असली तरी थांबू नका.

प्रश्न : डोळ्यांभोवती आणि ओठांच्या कडेला खपल्या धरल्यात. आहार घरचाच, दोन वेळा दूध-पोळी. उन्हाळा म्हणून मिठाचं ताक आणि ओआरएसही देतो.
(माधवगंज)

उत्तर : प्रेमाने देता हे दिसतंच, पण आहार बदलावा लागेल. हस्कीसारख्या उत्तरेकडच्या जातींत जस्त शोषून घेण्याची क्षमता मुळात कमी असू शकते. पोळीच्या कणकेतल्या कोंड्यात फायटेट असतं, ते जस्ताला बांधून ठेवतं. दुधातलं कॅल्शियम शोषण आणखी अडवतं. दूध-पोळी म्हणजे हस्कीसाठी जस्ताच्या दोन्ही वाटा बंद. खपल्या नेमक्या डोळे, ओठ, कान आणि पंज्यांच्या गाद्यांवर येतात. तरी आधी त्वचेचं खरवडण तपासून खरूज आणि बुरशी नाही याची खात्री करून घ्या. मग डॉक्टर वजनाप्रमाणे जस्ताची गोळी ठरवतील. ती अन्नासोबत द्यायची, आणि फरक पडायला पाच-सहा आठवडे लागतात. मात्रा स्वतः वाढवू नका. जास्त जस्ताने रक्तातल्या लाल पेशी फुटतात.

ओआरएस आणि मिठाचं ताक बंद करा. आपल्या घामातून मीठ जातं, कुत्र्याच्या धापेतून जातं ते जवळजवळ नुसतं पाणी. त्याला पाणीच हवं: एरवी किलोमागे दिवसाला ५० ते ६० मिलिलिटर, उन्हाळ्यात दुप्पटही. म्हणजे २४ किलोच्या कुत्र्याला अडीच-तीन लिटर. मातीची पसरट परात दोन जागी ठेवा, दिवसातून तीनदा बदला. बिनमिठाचं पातळ ताक अर्धी वाटी चालेल. जेवण पहाटे फिरून आल्यावर तासाभराने आणि रात्री नऊनंतर. मे महिन्यात भूक थोडी उतरते, तेवढ्यासाठी आग्रह नको.

प्रश्न : मुलाचा हट्ट आहे. घरात तीन एसी आहेत. हस्कीचं पिल्लू घ्यावं का? आणि फिरवायचं कधी?
(सिटी सेंटर)

उत्तर : आमचं मत नको असंच आहे. एसीने खोली गार होते, पण हस्की मैलोन्‌मैल ओढत पळण्यासाठी घडवलेला कुत्रा आहे, आणि ते पळणं खोलीत होत नाही. मे-जूनमध्ये फिरायला मिळते ती पहाटे साडेचार ते साडेपाच एवढीच वेळ. संध्याकाळी ऊन उतरतं, डांबर उतरत नाही. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवता आली नाही तर त्याचे पंजेही टेकवू नका. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, काही पहाटही ३० अंशांची असते, त्या दिवशी फक्त शी-शूपुरतं बाहेर. उरलेली ताकद मग सोफा उकरण्यात आणि हेल काढून रडण्यात जाते. हस्की १२ ते १४ वर्षं जगतो. तेवढे उन्हाळे आणि तेवढे दमट श्रावण मोजून बघा. एसीचं बिल दिवसाला १० ते १५ युनिटं धरा.

दणकट, पळणारा कुत्रा हवा असेल तर दक्षिण महाराष्ट्र-कर्नाटकातला कारवान बघा. तोकडे केस, अंगावर चरबी नाही, आणि व्यायाम मात्र त्यालाही भरपूर लागतो. गल्लीतलं देशी पिल्लू याहून सोपं.

तरीही हस्कीच घ्यायचा ठरला, तर मार्च ते सप्टेंबर पिल्लू आणू नका. २०१७ च्या श्वानप्रजनन नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. विक्रेत्याकडे राज्य प्राणिकल्याण मंडळाची नोंदणी मागा आणि आईबाप प्रत्यक्ष दाखवायला सांगा. त्यांच्या डोळ्यांच्या तपासणीचे कागदही विचारा, मोतीबिंदू या जातीत लहान वयातच येतो. ऑक्टोबरअखेर आणलंत तर डिसेंबर-जानेवारीची थंडी त्याला वाढायला मिळेल. मार्चपासून दुपारचा एसी रोज थोडा उशिरा लावा, म्हणजे एप्रिलपर्यंत उन्हाची थोडी सवय होईल.