वाचक विचारतात : उकिडवा बसणारा डिटेक्टिव्ह

(‘डेथ नोट’ आणि ‘मॉन्स्टर’ या जपानी ॲनिमे मालिका पाहिल्या नसतील तर आधी पाहून या. खाली शेवट फोडले आहेत. ‘डेथ नोट’मध्ये नाव लिहिलं की माणूस मरतो अशी एक वही लाइट या विद्यार्थ्याच्या हाती लागते, आणि एल हा डिटेक्टिव्ह त्या खुन्याला शोधतो.)

प्रश्न : टीवायच्या मानसशास्त्राच्या प्रोजेक्टसाठी ‘डेथ नोट’मधला एल घेतला आहे. तो उकिडवा बसतो, अनवाणी फिरतो, फोनसुद्धा दोन बोटांच्या चिमटीत धरतो. त्याला ऑटिझम आहे हे सिद्ध कसं करावं?
– माटुंगा

सिद्ध करायला जाऊ नका, तोंडी परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला अडकाल. मानसिक आजारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या डीएसएम-५ (२०१३) या पुस्तिकेनुसार दोन गोष्टी एकत्र दिसाव्या लागतात : लोकांशी संवाद साधताना येणाऱ्या अडचणी, आणि ठरावीक, पुन्हापुन्हा होणारं वागणं. त्यातही सुरुवात लहानपणी झालेली हवी आणि रोजच्या जगण्यात अडथळा येत असायला हवा. एलचं लहानपण आपल्याला जवळपास दिसतच नाही. मग पुरावा आणणार कुठून? शिवाय त्याच्या विचित्र सवयींना पडद्यावर एक साधं काम आहे. दोन हुशार माणसं भागामागून भाग नुसती विचार करत बसतात, तेव्हा एक इस्त्रीतला आणि एक चुरगळलेला असला की प्रेक्षकाला फरक एका नजरेत कळतो. उकिडवं बसण्याचं कारण तर तो स्वतःच सांगतो : नीट बसलो तर तर्कशक्ती साधारण ४० टक्क्यांनी घटते. हे वाक्य पुरावा म्हणून वापरू नका. एल सोयीनुसार खोटं बोलतो.

सवयी सोडा, निर्णय पकडा. तीन प्रसंग निवडा आणि प्रत्येकासाठी वहीत चार रकाने आखा : त्याला तेव्हा काय माहीत होतं, त्याने काय केलं, दुसरं काय करता आलं असतं, आणि किंमत कोणी मोजली.

नमुन्यादाखल दुसरा भाग घ्या. एलला माहीत काय? गुन्हेगार हार्ट अटॅकने मरतायत, आणि त्यातला पहिला बळी बहुधा टोकियोतल्या शिंजुकूमध्ये लोकांना ओलीस धरणारा किरकोळ माणूस. बाकी बळींच्या मानाने हा फारच छोटा मासा, त्याची बातमी जपानबाहेर गेलीच नव्हती, म्हणजे खुनी जपानमध्येच असावा. तो करतो काय? लिंड एल. टेलर नावाच्या माणसाला ‘एल’ म्हणून टीव्हीवर बसवतो, प्रक्षेपण जगभर चालू आहे असं भासवतो आणि प्रत्यक्षात ते फक्त टोकियोच्या आसपासच्या कांतो भागात दाखवतो. टेलर कोसळतो. मग खरा एल नुसत्या आवाजाने आव्हान देतो : मला मारून दाखव. काही होत नाही. दहाएक मिनिटांत दोन गोष्टी हाती लागतात : खुनी कांतोत आहे, आणि मारायला त्याला आवाजापेक्षा जास्त काहीतरी लागतं. इथवर सगळे लिहितात. चौथा रकाना मात्र बहुतेकांचा कोरा राहतो. टेलर हा त्याच दिवशी फाशी व्हायची असलेला कैदी होता. म्हणजे कैद्याचा जीव एलच्या लेखी प्रयोगाचं साहित्य. आता २५वा भाग उघडा. तिथे मृत्यूच्या वहीतला १३ दिवसांचा नियम (तेवढ्या दिवसांत पुढचं नाव लिहिलं नाही तर लिहिणारा स्वतः मरतो) खरा की खोटा हे तपासायला तो पुन्हा मृत्युदंडाच्या कैद्यालाच पुढे करायला निघतो. दोन प्रसंग, मध्ये २३ भागांचं अंतर, निर्णय तोच. व्यक्तिरेखेच्या मनाबद्दल काही म्हणायचं तर ते अशा जोडीवर म्हणा. ‘एल म्हणजे न्याय’ हे वाक्य मग तुम्हालाच खोडावंसं वाटेल.

दुसरा प्रसंग कॅफेचा घ्या. एल लाइटसमोर मेलेल्या कैद्यांच्या चिठ्ठ्यांचे तीन फोटो ठेवतो, त्याच्याकडून अर्थ लावून घेतो आणि मग म्हणतो, चौथाही आहे. आमच्या मते त्याला उत्तराशी देणंघेणं नाही. लाइट किती वेळ घेतो, मुद्दाम अडखळतो का, चूक दाखवल्यावर चिडतो का, हे तो बघतोय. लाइटच खुनी असल्याचा ‘पाच टक्के संशय’ तो बोलून दाखवतो, तोही त्याच जातीचा. तो आकडा गणिताने काढलेला नाही. पाण्यात खडा टाकून तरंग बघण्यातला प्रकार आहे.

आणखी एक. मांगा (मूळ चित्रकथा) आणि ॲनिमे (तिच्यावरची मालिका) एकत्र कालवू नका. एल पावसात गच्चीवर उभा राहतो आणि नंतर लाइटचे पाय पुसतो, ते फक्त ॲनिमेत आहे. ‘मूळ लेखकाला असं म्हणायचं होतं’ असा निष्कर्ष त्यावरून काढलात तर गुण जातील, आणि योग्यच जातील.

प्रश्न : मला एल अगदीच थंड, कोरडा वाटला. माझं काही चुकतंय का? लोकलमध्ये इंग्रजी डबिंग लावून दीडपट वेगाने बघते.
– मुलुंड

मुलुंड ते सीएसएमटी दोन भाग आरामात बसतात, वेग वाढवायची गरज काय? या मालिकेत बरंचसं काम गप्प बसण्यातून होतं आणि दीडपट वेगात पहिला बळी जातो तो शांततेचाच.

भाषेचा मुद्दा त्याहून मोठा. जपानीत ‘मी’ला अनेक शब्द आहेत. लाइट चारचौघांत ‘बोकु’ म्हणतो, म्हणजे सभ्य, गुणी मुलाचा ‘मी’. मनातल्या मनात मात्र कधीकधी ‘ओरे’, हा रांगडा आणि जरा माजाचा. एल ‘वाताशी’वर ठाम आणि बोलणं कायम अदबीचं, मग समोर पोलीसप्रमुख असो की संशयित. आपल्याकडे एखाद्याने समोरच्याला दोरखंडाने बांधता बांधता ‘अहो, बसा ना’ म्हणावं, तसलं काहीतरी. इंग्रजीत सगळ्यांचा एकच ‘आय’ झाला की हे वाहून जातं. जपानी आवाज आणि सबटायटल लावा, हेडफोन घाला, नुसते दहावा आणि पंचविसावा भाग पुन्हा बघा. कोरडेपणा तिथे अंतर राखल्यासारखा ऐकू येईल.

प्रश्न : ‘मॉन्स्टर’मधला इन्स्पेक्टर लुंगे बोलता बोलता हवेत टाइप करतो. हा कुठला आजार?
– गिरगाव

आजार नाही. जर्मनीच्या बीकेए या संघीय गुन्हे पोलीस दलातला हा माणूस ऐकलेलं डोक्यातल्या हार्ड डिस्कवर ‘भरतो’, आणि स्मरणशक्ती म्हणून ते उत्तम चालतं. पण ७४ भागांच्या या मालिकेत (२००४-०५) त्याची खरी गंमत अशी की इतकं पक्कं लक्षात राहूनही तो बराच काळ साफ चुकतो.

त्याचा सिद्धांत असा : योहान नावाचा खुनी कोणी नाहीच, तो लुंगेला ज्याचा संशय आहे त्या डॉ. तेनमाचंच दुसरं व्यक्तिमत्त्व. आता योहानचा पुरावा सापडला नाही, तर सिद्धांत खरा. तेनमा योहानबद्दल कळवळून बोलला, तरीही खराच. ज्याला कुठलाच पुरावा खोटा ठरवू शकत नाही, तो सिद्धांत तपासाच्या कामाचा नसतो. मानसशास्त्रज्ञ पीटर वेसनने १९६० मध्ये हेच २-४-६ या आकड्यांवर दाखवलं. या तीन आकड्यांमागचा नियम ओळखायचा होता. लोक ८-१०-१२ विचारत, ‘बरोबर’ ऐकत आणि ‘दोन-दोनने वाढतात’ असं ठोकून देत. नियम फक्त ‘चढता क्रम’ एवढाच होता. १-७-२० विचारून बघावं असं फारसं कोणाच्या मनात आलं नाही. २९ जणांपैकी पहिल्याच फटक्यात बरोबर आले ६.

लुंगेचा प्रसंग आला की पॉज करा आणि विचारा : आत्ता काय दिसलं तर हा आपलं मत सोडेल? उत्तर ‘काहीच नाही’ येत असेल तोवर बोटांकडे पाहण्यात अर्थ नाही. हे उत्तर जिथे बदलतं, ती जागा शोधा. शेवटी रूहेनहाइम गावात तो तेनमाची माफी मागतो, तिथून सुरुवात करून उलटं मागे यायचं.

प्रश्न : एल सतत गोड खातो, म्हणून त्याचं डोकं चालतं का?
– बोरिवली

मेंदू शरीराच्या वजनाचा जेमतेम २ टक्के आणि ऊर्जा खातो सुमारे २० टक्के, हे खरं. पण ती ऊर्जा वरणभातातूनही मिळते. केक हे चित्रकाराचं काम.

प्रश्न : लाइटला तो ‘माझा पहिला मित्र’ म्हणतो, ते खरं की डाव?
– भांडुप

दोन्ही बाजूंनी वाद घालता येतो, आणि घालावा. फक्त वाक्यावर भिस्त ठेवू नका, हातांकडे बघा : याच मित्राला तो पन्नासहून जास्त दिवस कोठडीत ठेवतो आणि बाहेर काढल्यावर एका साखळीने त्याचं मनगट स्वतःच्या मनगटाला बांधून घेतो. कैदी त्यातला कोण, हे तुम्ही लिहून पाठवा.